हाजरी, नाटक की मनाची जखम?

आमच्या पालीकडं एखादी मुलगी अचानक वेगळ्याच आवाजात बोलायला लागली की घरचे म्हणतात, हाजरी आली. मग सैलानीची वाट धरली जाते. आम्ही शिक्षक म्हणतो, नाटकं करतेय! तिचं ऐकून घ्यायचं दोन्हीकडं राहूनच जातं.

डॉक्टर ज्याला बहुव्यक्तिमत्त्व विकार म्हणतात, त्यात आवाज बदलण्याइतकीच मोठी खूण विसर पडण्याची आहे. काल दुपारी आपण कुठं होतो तेच आठवत नाही. वहीतलं अक्षर आपलं वाटत नाही. 2013 साली अमेरिकन मानसोपचार संघटनेनं अंगात आल्यासारखी लक्षणंही या आजारात धरली. उरुसात श्रद्धेनं डोलणारा, नंतर नेहमीसारखा कामाला लागणारा माणूस मात्र आजारी नव्हे. आणि मिरगी तर नाही ना, हेही तपासून घ्यावं लागतं.

मूळ बहुतेकदा लहानपणच्या मारहाणीत, लैंगिक अत्याचारात असतं. सहन न होणारं मन वेगळ्या कप्प्यात टाकतं. अशा लेकराला आमिलनं छडीनं मारलं तर जुन्या जखमेवरच घाव बसतो.

दुआ सोडा असं आम्ही म्हणत नाही. गुजरातेत उनाव्याच्या मीरा दातार दर्ग्यात 2008 साली ‘दवा और दुआ’ सुरू झालं, तिथं मानसोपचाराचे डॉक्टरही भेटतात. या आजारावर खास गोळी नाही, बोलून बोलूनच उपचार होतो. वेळ लागतो.

मुलीशी एकटीशी बोला. जखम देणारा घरातलाच असू शकतो. टेली-मानसचा 14416 हा मोफत नंबर रात्रीही चालू असतो, मराठीत बोलता येतं.