‘टर्की’चे चार दिवस

खोकल्याचे कोडीनवाले औषध असो की गर्द, दोन्ही अफूच्याच घराण्यातली. आपल्या जळगाव-धुळ्यात एखाद्या अम्मीला मुलाच्या दप्तरात रिकामी बाटली सापडते. मग बाटली बंद होते आणि तिसऱ्या दिवशी घर हादरते. नाक गळते, अंगावर काटा येतो, जुलाब होतात, पाय ओढतात, झोप उडते. नशा करणारे याला ‘टर्की’ म्हणतात. घरचे म्हणतात, नाटक करतोय!

तो नाटक करत नसतो. मेंदूच्या बुडाशी ‘लोकस सेरुलियस’ नावाचा पेशींचा इवलासा पुंजका आहे. शरीराला सावध करणारे नॉरॲड्रेनालिन तो सोडतो. अफू त्याला दाबते, म्हणून तो रोज जास्त जोर लावायला शिकतो. नशा थांबली की दाब जातो, जोर मात्र राहतो. १९७८ मध्ये अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवले, की क्लोनिडिन ही रक्तदाबाची जुनी गोळी हा त्रास उतरवते. (रक्तदाबही उतरतो, तेव्हा घरच्या घरी देऊ नये.)

मुलाला खोलीत कोंडणाऱ्यांनी एक ऐकावे. आठवडाभरात टर्की ओसरते, ओढ उरते, पण शरीराची सवय मोडलेली असते. मग पूर्वीइतकीच मात्रा घेतली तर श्वास थांबू शकतो. १९८६ मध्ये सुरू झालेल्या पुण्याच्या ‘मुक्तांगण’मध्ये टर्कीनंतरही समुपदेशन चालते, घरच्यांनाही बोलावतात.

इज्जतीपायी लपवू नका. धुळे आणि जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत मानसोपचार विभाग आहेत. सरकारी हेल्पलाइन १४४४६, फोन फुकट.