जेद्दातील गोदाम आणि पुराचा हिशेब

जेद्दात दुकान किंवा गोदाम भाड्याने घेताना आपले कोकणी बांधव तीन गोष्टी हटकून विचारतात. भाडे किती, बंदर किती लांब आणि मालाचा ट्रक दारापर्यंत येतो की नाही. यात आम्ही चौथा प्रश्न घालू इच्छितो. पाऊस आला तर पाणी कुठून येते?

प्रश्न ऐकून हसू येईल. जेद्दात वर्षभरात सरासरी ५०-६० मिलिमीटर पाऊस पडतो. एवढा पाऊस खेड-चिपळूणचा माणूस जुलैतल्या एका सकाळी पाहतो. पण २५ नोव्हेंबर २००९ रोजी, म्हणजे ८ जिल्हजला, तिथे चारेक तासांत ७० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला आणि शंभरावर माणसे दगावली. हजारो मोटारी निकामी झाल्या. कुवैझा वस्तीचे हाल सर्वांत वाईट. २६ जानेवारी २०११ ला तीन तासांत १११ मिलिमीटर पडला आणि उम्मुल खैरचा बांध फुटला. २४ नोव्हेंबर २०२२ ला दक्षिण जेद्दात सकाळी ८ ते दुपारी २ या वेळात १७९ मिलिमीटर!

इतक्याशा पावसाने एवढा अनर्थ कसा होतो? शहर तांबडा समुद्र आणि पूर्वेचे डोंगर यांच्यामधल्या सपाटीवर वसले आहे. डोंगर उघडे, खडकाळ. झाड नाही, माती नाही, त्यामुळे पाणी मुरत नाही. एक चौरस किलोमीटरवर ७० मिलिमीटर पाऊस म्हणजे ७ कोटी लिटर पाणी होते. त्यातले निम्मे मुरले असे धरले तरी उरलेले सगळे एकाच वाटेने उतरते. त्या वाटेला तिथे वादी म्हणतात. आपल्याकडचा पऱ्याच म्हणा ना. फरक एवढाच, की आपला पऱ्या दर पावसाळ्यात खळाळतो, म्हणून त्यात कोणी घर बांधत नाही. वादी वर्षानुवर्षे कोरडी राहते. लोक विसरतात, प्लॉट पडतात, रस्ते होतात. २०२२ च्या जनगणनेत जेद्दाची वस्ती सुमारे ३७ लाख भरली. एवढ्या माणसांना जागा हवीच. २००९ नंतर चौकशी झाली, वादीच्या पात्रात बांधकामे कशी झाली हा प्रश्न तेव्हा ऐरणीवर आला.

इंजिनिअर मंडळी 'शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर' असे म्हणतात. व्यापाऱ्याने याचा अर्थ नीट समजून घ्यावा. एकदा आला की शंभर वर्षे सुटका, असे नव्हे. दर वर्षी शंभरात एक शक्यता, असा तो हिशेब आहे. १० वर्षांच्या भाडेकरारात ही शक्यता जवळजवळ १० टक्के होते, ३० वर्षांत २६ टक्के. त्यातही वाळवंटातल्या पावसाच्या नोंदी थोड्या वर्षांच्या आणि थोड्या ठिकाणच्या असतात, त्यामुळे हा आकडाही अंदाजच. वर दिलेल्या तीन तारखा तर १४ वर्षांच्या आतल्या आहेत.

२०११ नंतर सरकारने बांध आणि कालवे बांधले. त्यांचा उपयोग झाला, हे मान्य केले पाहिजे. २०२२ ला पाऊस २००९ च्या दुपटीहून अधिक असूनही मृत्यूची नोंद दोनच होती. माल आणि मोटारी मात्र बुडाल्याच, कारण कालवा दूर आणि दुकान रस्त्याच्या सखल भागात.

म्हणून बयाणा देण्याआधी जागेच्या पूर्वेला थोडे फिरून यावे. वाळूचा पट्टा, गोल गोटे, रस्त्याखालच्या मोठ्या मोऱ्या दिसल्या तर पाण्याची वाट जवळ आहे असे समजावे. दलाल 'इथे कधी पाणी आले नाही' असेच सांगणार. शेजारच्या जुन्या दुकानदाराला २००९ आणि २०२२ चे विचारावे, तो भिंतीवरची खूणही दाखवील. तळघर स्वस्त मिळते, पण तांदूळ, कापड, इलेक्ट्रिकचा माल तिथे ठेवू नये. वरही माल जमिनीपासून उंच फळ्यांवर रचावा.

विम्याचे कागद वाचून घ्यावेत. आगीच्या पॉलिसीत पूर धरला आहे का, हे लेखी विचारावे. गाडीचा विमा फक्त थर्ड पार्टी असेल तर आपल्या बुडालेल्या गाडीचा एक रियालही मिळत नाही. आणि मालाच्या बिलांची एक प्रत घरी ठेवावी; गोदामाबरोबर बिलेही भिजली, तर भरपाई मागताना काय गेले ते दाखवणे कठीण होते.