पॉवर की नेम?

हॉस्टेलवर 'डर्टी हॅरी' (१९७१) लागला की वाद ठरलेला : सगळ्यात पॉवरफुल रिव्हॉल्व्हर कोणतं? वाद रिव्हॉल्व्हरवर होतो, पण खरी ताकद असते काडतुसात.

आधी एक कन्फ्यूजन दूर करू. गोळी म्हणजे फक्त पुढचं शिशाचं टोक. पितळी नळकांडं, आतली दारू, बुडाशी ठिणगी पाडणारा प्राइमर आणि गोळी मिळून होतं काडतूस. पुण्याच्या खडकीतली अ‍ॅम्युनिशन फॅक्टरी १८६९ पासून याच धंद्यात आहे.

आता आकडे. नळीच्या लांबीप्रमाणे ते बदलतात, म्हणून अंदाजे धरा. .२२ ची गोळी २.६ ग्रॅम, वेग सेकंदाला ३३० मीटर, ऊर्जा १४० ज्यूल. .३५७ मॅग्नम (१९३५) सातशे ज्यूलच्या आसपास. हॅरीच्या हातातलं .४४ मॅग्नम १९५५-५६ सालचं, १५.६ ग्रॅमची गोळी, ४१० मीटर वेग, म्हणजे १३०० ज्यूल. आणि २००३ मध्ये आलेलं .५०० मॅग्नम तीन हजारांच्या वर!

पण नेमबाजाला ज्यूलपेक्षा संवेग जास्त छळतो. फर्स्ट इयरचं फिजिक्स आठवा : गोळी जितका संवेग पुढे नेते, तितकाच पिस्तुलाला मागे मिळतो. .४४ च्या गोळीचा संवेग ताशी १४० किलोमीटरने येणाऱ्या सीझन बॉलएवढा भरतो (हिशोब करून बघा, दोन्ही सहाच्या थोडे वर). एकाच वजनाच्या, सव्वा किलोच्या पिस्तुलातून झाडल्यास .४४ च्या झटक्याची ऊर्जा .२२ च्या पन्नासपटीहून जास्त. दारूचा वायू धरला तर दोन्हींत भर पडते ती वेगळीच.

मॅग्नमची एक आयडिया मला फार आवडली. .३५७ हे जुन्या .३८ स्पेशलचंच वाढवलेलं रूप, गोळीचा व्यास तोच. पण आतला दाब जवळजवळ दुप्पट. मग कुणी चुकून ते जुन्या .३८ रिव्हॉल्व्हरमध्ये भरलं तर? म्हणून नळकांडं सुमारे साडेतीन मिलिमीटरने लांब केलं. जुन्या सिलिंडरमध्ये ते पूर्ण बसतच नाही! वर्कशॉपमध्ये याला फूलप्रूफ डिझाइन म्हणतात.

एवढी ताकद लागते कुणाला? अमेरिकेत रिव्हॉल्व्हरने हरणाची शिकार करतात. तिथे कमजोर काडतूस म्हणजे जनावर जखमी होऊन झाडीत पळणार आणि तडफडत मरणार, म्हणून .४४ किंवा त्याहून मोठं. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारच बंद आहे, त्यामुळे मुळशीच्या रानातल्या भेकरांसाठी मॅग्नमचा विचार करायची गरज नाही. आणि हो, लायसन्सशिवाय जिवंत काडतूस 'सूव्हेनिर' म्हणून बाळगणं हाही शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे.

टार्गेटचं गणित उलटं. कागद मरायचा नसतो. २५ मीटरवर दहा गुणांचं वर्तुळ फक्त ५० मिलिमीटरचं, आणि मोठ्या झटक्याची सवय झालेलं मनगट ट्रिगर दाबायच्या आधीच दचकतं. हे पकडायला कोच मधेच गुपचूप एखादं डमी काडतूस भरतात. आवाज होत नाही, पण नळीचं टोक खाली गेलेलं सगळ्यांना दिसतं!

म्हणूनच २५ मीटर स्पोर्ट्स पिस्तूल हा महिलांचा इव्हेंट साध्या .२२ वर चालतो. पुण्याच्या अनिसा सय्यदने २०१० च्या दिल्ली कॉमनवेल्थमध्ये आणि कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या जकार्ता एशियाडमध्ये त्यातच गोल्ड घेतलं. राहीचं तर शूट-ऑफमध्ये.

पुरुषांच्या सेंटर-फायर इव्हेंटमध्ये मोठं काडतूस चालतं, तरी बहुतेकांची पसंती .३२ लाँगला. हे १८९६ सालचं, जेमतेम १६० ज्यूलचं. कानपूरच्या सरकारी कारखान्यातलं लायसन्सवालं रिव्हॉल्व्हरही याच काडतुसाचं. मॅचसाठी त्याची गोळी चपट्या तोंडाची असते, पंचिंग मशीनसारखी. कागद फाटत नाही, गोल भोक पडतं आणि मार्कांवरून भांडण होत नाही.

कुणाला हात आजमावायचा असेल तर लवासाहून पिरंगुटमार्गे बालेवाडी गाठा. १९९४ च्या नॅशनल गेम्ससाठी बांधलेल्या त्या क्रीडासंकुलात शूटिंग रेंज आहे. सुरुवात मात्र दहा मीटर एअर पिस्तुलाने करायची : दारू नाही, झटका जवळजवळ नाही, आणि दहाचं वर्तुळ शर्टाच्या बटणाएवढं, ११.५ मिलिमीटर.