सोनं तेच, कायदे वेगळे

२८ ऑगस्ट २०२०. दिब्रुगडहून निघालेली राजधानी एक्स्प्रेस नवी दिल्ली स्थानकात आली. तिच्यातून उतरलेल्या आठ जणांच्या अंगात खास शिवून घेतलेल्या बंड्या होत्या आणि त्या बंड्यांत परदेशी छापाची ५०४ सोन्याची बिस्किटं. एकेक बिस्किट साधारण १६६ ग्रॅमचं, सगळं मिळून ८३.६२१ किलो! म्यानमारच्या सीमेवरून मणिपूरमार्गे हा माल आला, असं तपास यंत्रणेचं म्हणणं. पुढे या तपासाचा धागा येऊन पोचला तो आपल्या सांगली जिल्ह्यात.

सांगलीच का, हे विटा-आटपाडीकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ आणि शेजारच्या सातारा जिल्ह्यातले माण-खटाव हा सगळा पावसानं दगा दिलेला मुलूख. इथली माणसं गलाईच्या धंद्यात शिरली आणि देशभरच्या सराफ पेठांत पसरली. जुना दागिना वितळवायचा, त्यात चांदी मिसळायची आणि तो ऐवज नायट्रिक आम्लात सोडायचा. चांदी-तांबं विरघळतं आणि तळाशी उरतो तपकिरी चुरा. मातीसारखा दिसणारा हा चुरा धुऊन मुशीत घातला की लखलखीत शुद्ध सोनं बाहेर येतं. मेहनतीचा, विश्वासावर चालणारा हा व्यवसाय. पण एक गोष्ट कारागीर आणि तस्कर दोघांनाही ठाऊक असते : एकदा मुशीत गेलं की सोन्यावरचा छाप जातो आणि ते कुठून आलं हे सोनं स्वतः सांगत नाही.

कायद्यानं ही गोष्ट किती बारकाईनं हेरली आहे पाहा. चोरीच्या खटल्यात माल चोरीचा आहे हे सरकारला सिद्ध करावं लागतं. सीमाशुल्क कायद्याच्या कलम १२३ मध्ये मात्र उलटं आहे. तस्करीच्या सबळ संशयावरून सोनं जप्त झालं, तर ते तस्करीचं नाही हे ज्याच्याकडे सापडलं त्यानं दाखवायचं.

दिल्लीत ही कारवाई केली ती पोलिसांनी नव्हे, तर महसूल गुप्तचर संचालनालयानं, म्हणजे डीआरआयनं. १९५७ साली स्थापन झालेली ही यंत्रणा अर्थ मंत्रालयाच्या हाताखाली चालते. तिचे अधिकारी अटक करू शकतात, तरी कायद्याच्या नजरेत ते पोलीस नाहीत. त्यामुळे एक विलक्षण फरक पडतो. पोलिसासमोर दिलेला कबुलीजबाब न्यायालयात आरोपीविरुद्ध चालत नाही. डीआरआय किंवा सीमाशुल्क अधिकाऱ्यासमोर सीमाशुल्क कायद्याच्या कलम १०८ खाली स्वेच्छेनं दिलेला जबाब मात्र पुरावा ठरू शकतो. दुसऱ्या बाजूनं, या कायद्याची झेपही मर्यादित आहे. तस्करीला शिक्षा जास्तीत जास्त ७ वर्षं.

मग १६ सप्टेंबर २०२० रोजी राष्ट्रीय तपास यंत्रणेनं, एनआयएनं, स्वतःचा गुन्हा नोंदवला. सोनं तेच, माणसंही तीच, पण आता कायदा यूएपीए, म्हणजे बेकायदा कृत्यं प्रतिबंधक कायदा, आरोप दहशतवादी कृत्याचा आणि शिक्षा ५ वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत. एनआयएच्या झडत्या सांगली जिल्ह्यात झाल्या त्या याच गुन्ह्यात. एनआयए जन्मली मुंबईवरच्या २६/११ च्या हल्ल्यानंतर, २००८ च्या डिसेंबरात. तिला कुठल्याही राज्याची परवानगी लागत नाही. पण एवढी ताकद असूनही तिला कोणताही गुन्हा उचलता येत नाही. तिच्या कायद्याला जोडलेल्या यादीतले गुन्हे आणि त्यांच्याशी निगडित गुन्हे, एवढंच तिचं अंगण.

सीबीआयचं नेमकं उलटं. तिचे विषय भरपूर, पण पोलीस हा राज्याचा विषय असल्यानं राज्याच्या संमतीशिवाय तिला पाऊल टाकता येत नाही. अपवाद न्यायालयाच्या आदेशाचा. साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला. त्याचा तपास २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानं सीबीआयकडे गेला. १० मे २०२४ रोजी पुण्याच्या न्यायालयानं दोघांना जन्मठेप दिली आणि तिघांना निर्दोष सोडलं. तपास केंद्रीय यंत्रणेचा होता म्हणून निकाल तिच्या मनासारखा लागला, असं झालं नाही.

दिल्लीच्या सोन्याचंही तसंच झालं. यूएपीएमध्ये देशाच्या आर्थिक सुरक्षिततेला धक्का देणाऱ्या कृत्यांचा उल्लेख आहे. सोन्याची तस्करी आपोआप त्यात बसते का, हा प्रश्न दिल्ली उच्च न्यायालयापुढे आला. ४ जून २०२१ रोजी न्यायालयानं सांगितलं की, देशाच्या आर्थिक सुरक्षिततेला किंवा चलनाच्या स्थैर्याला धोका असल्याचा संबंध दिसत नसेल, तर नुसती तस्करी म्हणजे दहशतवाद नव्हे. आणि यूएपीएत सहसा न मिळणारा जामीन दिला. केरळ उच्च न्यायालयानं त्याच वर्षी असाच कौल दिला होता, तर राजस्थान उच्च न्यायालयाचं मत वेगळं पडलं. जामीन म्हणजे सुटका नव्हे, हेही खरं. पण ८३ किलो सोनं समोर दिसत असतानाही न्यायालयानं आधी विचारलं ते हेच, की हा गुन्हा नेमक्या कोणत्या कायद्यात बसतो?

म्हणजे पकडणारा एक, पुढचा तपास करणारा दुसरा, न्याय देणारा तिसरा आणि प्रत्येकाला आपापली कुंपणं. कारभार यामुळे संथ होतो, कधी कधी वैताग येण्याइतका. तरी ही कुंपणं नागरिकाच्या राखणीसाठीच आहेत.

म्हणूनच कुणी व्हिडिओ कॉलवर ‘तुमचं पार्सल कस्टम्सनं अडवलंय’ म्हणून सुरुवात करून, त्याच कॉलवर सीबीआयचा साहेब आणि मग न्यायाधीशही हजर केला, तर ओळखा की तो भामटा आहे. खऱ्या व्यवस्थेत ही मंडळी एका फोनवर येत नाहीत. ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची गोष्ट भारतीय कायद्यात नाही. फोन ठेवा आणि १९३० वर तक्रार करा.