दगडी जहाजं

आज ‘बेंगाल’ जहाजाची लढाई सांगायची होती. ती पुढच्या आठवड्यावर ढकलतो, कारण राजापूरच्या एका वाचकांचं पत्र आलंय आणि माझ्या आवडीच्या विषयाला त्यांनी आपणहून हात घातलाय.

त्यांच्या चुलत आजोबांचा नौदलातला सेवेचा दाखला घरात सापडला. त्यावर ओळीने नावं आहेत : अकबर, तलवार, डलहौसी, जमना, पुन्हा डलहौसी. वाचक लिहितात, “आमचे आबा चार जहाजांवर होते. जमनाचा फोटो मिळाला, बाकीच्या तिघांचा कुठेच मिळत नाही.”

मिळणार कुठून! ‘अकबर’ होतं ठाण्यात, कोलशेतला. नव्या भरतीच्या पोरांची कवायत तिथे चालायची. ‘तलवार’ म्हणजे कुलाब्याची संदेशवहनाची शाळा. आणि ‘डलहौसी’ म्हणजे फोर्टातले कॅसल बॅरॅक्स, आजचं ‘आंग्रे’. चार नावांत पाण्यावर तरंगणारं एकच, जमना. बाकी सगळा दगड-विटांचा कारभार. नौसैनिकांच्या उठावाला भले भले अजूनही ‘तलवार जहाजावरचं बंड’ म्हणतात. १८ फेब्रुवारी १९४६ला ते बंड पेटलं बराकीत, निकृष्ट जेवणावरून आणि अधिकाऱ्यांच्या शिव्यांवरून. बंदरातल्या खऱ्या जहाजांवर ते नंतर पोचलं.

इमारतीला जहाज म्हणायची ही तऱ्हा आपल्याकडे आली ब्रिटिशांकडून, आणि तिच्यामागे कायद्याची अडचण होती. नौदलाची शिस्त लागू व्हायची ती कुठल्या तरी जहाजाच्या पटावर नाव असलेल्या माणसाला. मग किनाऱ्यावरच्या कारकुनाला, स्वयंपाक्याला, शिकाऊ पोराला त्या कायद्याखाली आणायचं कसं? धक्क्याला एखादं जुनं तारू किंवा होडी बांधायची, तिला नाव द्यायचं आणि अख्खी बराक तिच्या पटावर चढवायची. एकदा जहाज म्हटलं की पुढचं सगळं ओघाने आलं. जमीन झाली डेक, आणि फाटकाबाहेर चहा प्यायला निघालेला माणूस ‘किनाऱ्यावर’ चालला. खुद्द इंग्लंडात कागदावर ‘व्हिक्टरी’ वाचून आजोबा नेल्सनच्या जहाजावर होते असं नातवंडं सांगत सुटतात. आजोबा बहुधा पोर्ट्समथच्या बराकीत जमीन घासत असतात.

आपल्याकडे युद्धात अशा नावांचं पेवच फुटलं. १९३९ला दोन हजारांच्याही आत असलेलं नौदल युद्ध संपेपर्यंत सुमारे तीस हजारांवर गेलं. त्यांना शिकवायला जागा नकोत? कराचीला ‘बहादूर’, ‘हिमालय’, ‘चमक’, जामनगरला ‘वालसुरा’, मार्व्याला ‘हमला’, लोणावळ्याला ‘शिवाजी’. लोणावळ्यात जहाज म्हटल्यावर तरी कुणाच्याही लक्षात यावं!

पण तळाचं नाव दिसलं की ‘म्हणजे आबा समुद्रावर गेलेच नाहीत’ असा निकाल देऊन मोकळं होऊ नका. उलटाही प्रकार असतो. मोटार लाँचसारख्या चिमुकल्या नौकेवर पगाराचा कारकून कुठला असायला? मग तिच्यावरची माणसं पटावर तळाच्या. ब्रिटिश नौदलाच्या कागदांत कधीकधी तळाच्या नावापुढे कंसात, मुंगीएवढ्या अक्षरात, नौकेचं नाव असतं. तो कंस सोडून नक्कल करणाऱ्यांचा मला मनस्वी राग येतो. ब्रह्मदेशातल्या आराकानच्या खाड्यांत जपान्यांच्या बंदुकांसमोरून गेलेला माणूस अशाने कागदावर बराकीतच बसून राहतो.

म्हणून दाखला बाजूला ठेवा आणि ट्रंकेतली पदकं काढा. १९३९-४५ स्टार नौसैनिकाला मिळायचा तो साधारणपणे युद्धक्षेत्रात सहा महिने जहाजावर काढल्यावर. बर्मा स्टार असेल तर बंगालच्या उपसागराकडे बघा. याउलट, नुसतं वॉर मेडल आणि इंडिया सर्व्हिस मेडल असेल, तर माणूस बहुतेक भारतातच होता. हे दुसरं पदक इथल्या तीन वर्षांच्या सेवेसाठी होतं. पदकांची कड, आणि स्टार असेल तर त्याची पाठही बघा. ब्रिटिशांनी आपल्या लोकांना ती कोरी वाटली, पण भारतीय सैनिकांच्या पदकांवर बरेचदा नंबर आणि नाव ठोकलेलं असतं. तो नंबर दाखल्यावरच्या नंबराशी जुळला की पदक आबांचंच, चोरबाजारातून आलेलं नव्हे.

राजापूरच्या पत्रात बर्मा स्टारचा उल्लेख आहे, आणि जमनाची नोंद आहे डिसेंबर १९४४पासूनची. इथे मात्र मी खुर्चीत सरसावून बसलो. स्कॉटलंडमध्ये डंबार्टनला बांधलेली, चार इंची सहा तोफांची ही स्लूप, म्हणजे छोटी युद्धनौका, जानेवारी १९४५मध्ये आराकान किनाऱ्यावर होती. १२ जानेवारीला म्येबोनला कमांडो उतरले, तेव्हा ‘नर्बदा’ आणि ‘जमना’ यांनी किनारा भाजून काढला होता. आबा ‘तलवार’चे, म्हणजे संदेशवहनातले. तोफेचा मारा कुठे पडतोय हे किनाऱ्यावरून कळवणारे संदेश असल्याच माणसांच्या कानात पडायचे.

त्या वाचकांना एकच विनंती : दाखल्यावर हुद्द्याच्या रकान्यात नेमकं काय लिहिलंय, तेवढं फोटो काढून पाठवा. बिनतारीवाला आणि झेंडे दाखवणारा यांच्या जागा जहाजावर वेगळ्या असत. ते कळलं की ‘बेंगाल’ आणखी एक आठवडा लांबेल, त्याला माझा इलाज नाही.