आमचा संगणक सुरू का होईना?

आमच्या घरी एक संगणक आहे. तो दुकानातून तयार आणलेला नाही. माझ्या दादाने दोन वर्षांपूर्वी मुंबईला ग्रँट रोड स्टेशनजवळच्या लॅमिंग्टन रोडवरून त्याचे एकेक भाग विकत आणले आणि घरीच जोडले. अशा संगणकाला लोक 'असेंबल केलेला' म्हणतात. दादा त्यावर दोन दुकानांचे हिशेब लिहितो. त्या पैशांत त्याच्या कॉलेजची फी भागते. म्हणून आमच्या घरात त्या संगणकाला आईच्या शिलाई मशीनइतकाच मान आहे.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आषाढ महिना होता. पांडवकडा धो धो कोसळत होता. खारघरच्या डोंगरावर ढग उतरले होते आणि घरातल्या भिंतींनासुद्धा ओल आली होती. गुरुवारी संध्याकाळी दादाने संगणकाचे बटण दाबले. आतले पंखे फिरू लागले, पुढचा दिवा लागला, पण पडदा काळाच! अक्षर नाही, चित्र नाही, काही नाही.

दादाने पडद्याची वायर काढून पुन्हा लावली. मग शेजारच्या काकांचा पडदा आणून जोडून पाहिला. तोही काळाच राहिला. म्हणजे आमचा पडदा निर्दोष होता. दुसऱ्या दिवशी दादा ती जड पेटी उचलून एका दुकानात घेऊन गेला. तिथल्या माणसाने पेटी न उघडताच सांगितले, "मदरबोर्ड गेलाय. पाच-साडेपाच हजार लागतील."

दादा पेटी घेऊन तसाच परत आला. आई काही बोलली नाही. तिने गणपतीसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांचा डबा कपाटातून काढला आणि ती नोटा मोजू लागली. मी कोपऱ्यात बसून गृहपाठ करत होतो. मला एक गोष्ट ठाऊक होती आणि ती मी कोणालाच सांगितली नव्हती. ती कोणती, ते पुढे येईलच.

रविवारी पनवेलहून मामा आला. मामा वायरमन आहे. सगळे ऐकून घेतल्यावर तो आईला म्हणाला, "ताई, तो डबा आत ठेव. आधी आजारी कोण आहे ते बघू, मग औषध आणू."

मित्रांनो, मामाने लगेच पेटीला हात लावला नाही. त्याने आधी प्रश्न विचारले.

"शेवटचा चालू कधी होता?"

"बुधवारी रात्री," दादा म्हणाला.

"आणि गुरुवारी संध्याकाळी बंद. मग मधल्या वेळात काय झालं? पडला, हलवला, कोणी उघडला?"

"नाही, कोणीच नाही."

मामाने माझ्याकडेही पाहिले. मी वहीत डोके घातले. तिथेच आमचे दोन तास फुकट गेले. पण त्या दोन तासांत बिघाड कसा शोधावा हे मला शिकायला मिळाले. तेच तुम्हांला सांगतो.

विहिरीचे पाणी शेतात आले नाही, तर आपण पाटाच्या कडेने चालत जातो आणि पाणी कुठे अडले ते पाहतो. मामाने तसेच केले. तो विजेच्या वाटेने चालत गेला.

पहिली पायरी भिंतीची. त्याने त्याच सॉकेटमध्ये टेबलफॅन लावला. तो जोरात फिरला. म्हणजे घरची २३० व्होल्टची वीज ठीक होती.

दुसरी पायरी एस.एम.पी.एस.ची. संगणकाच्या पेटीत मागच्या बाजूला हा एक चौकोनी डबा असतो. भिंतीतल्या २३० व्होल्टपासून तो १२, ५ आणि ३.३ व्होल्टची सौम्य वीज बनवतो. मामाने मीटर लावला. पिवळ्या वायरवर १२, लालवर ५ आणि नारिंगीवर ३.३ च्या आसपास आकडा आला. प्रोसेसरला वीज देणारी वेगळी वायर असते, तीही घट्ट बसलेली होती. इथवर सगळे ठीक.

तिसरी पायरी ओझे उतरवण्याची. मामाने प्लग काढून हार्ड डिस्क, माऊस, कीबोर्ड या सगळ्यांच्या वायरी बाजूला केल्या. राहिले काय? मदरबोर्ड, त्यावरचा प्रोसेसर, मेमरीची पट्टी आणि वीज. एवढ्यावर संगणक निदान जागा तरी होतोच. मामा म्हणाला, "आता चालू झाला, तर चोर बाहेर काढलेल्यांपैकी आहे. नाही झाला, तर चोर अजून घरात आहे." पुन्हा प्लग लावून बटण दाबले. नाही झाला.

चौथी पायरी मला फार आवडली. मामाने आपल्या पिशवीतून शेंगदाण्याएवढा एक काळा भोंगा काढला. त्याला दोन बारीक वायरी होत्या. "तुमच्या पेटीत हा नाहीच," तो म्हणाला, "मग बिचारा बोलणार कसा?" त्याने भोंगा मदरबोर्डवर त्याच्या जागी लावला आणि बटण दाबले.

"पींऽऽ... पींऽऽ... पींऽऽ..." लांब लांब आवाज येऊ लागला, थांबेचना!

मामा हसला. "ऐकलंत? मदरबोर्ड गेला म्हणे! अरे, गेलेला माणूस तक्रार करतो का?"

मग त्याने समजावून सांगितले. बटण दाबल्यावर प्रोसेसर सर्वांत आधी मदरबोर्डवरच्या एका चिपमध्ये लिहून ठेवलेल्या सूचना वाचतो. त्या सूचनांना बायॉस म्हणतात. आपल्याकडे प्रार्थनेनंतर बाई हजेरी घेतात ना, तशी बायॉस सगळ्या भागांची हजेरी घेतो. मेमरी आहे का? पडदा आहे का? कीबोर्ड आहे का? पडद्यावर काही लिहिता येण्याआधीच एखादा महत्त्वाचा भाग गैरहजर सापडला, तर तो भोंगा वाजवून ओरडतो. म्हणजे भोंगा वाजला याचा अर्थ प्रोसेसर आणि मदरबोर्ड दोघेही कामाला लागलेले आहेत. कोणत्या आवाजाचा काय अर्थ, हे प्रत्येक कंपनीचे वेगळे असते. ते मदरबोर्डबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत दिलेले असते. दादाने पुस्तिका जपून ठेवली होती. त्यात पाहिले. सारख्या वाजणाऱ्या लांब आवाजाचा अर्थ होता, मेमरी सापडत नाही.

ते ऐकून माझ्या पोटात गोळा आला. आईचा डबा डोळ्यांसमोर आला. मी उठून उभा राहिलो आणि म्हणालो, "मामा, ती पट्टी मी काढली होती."

खरे ते असे. गुरुवारी दुपारी घरी कोणी नव्हते. पेटीवर धूळ दिसली. आपण साफ करून ठेवू, दादा खूश होईल, असे मला वाटले. मी पेटीची बाजू उघडली, पट्टी काढली, सदऱ्याला पुसली आणि पुन्हा दाबून बसवली. संध्याकाळी पडदा काळा दिसला, तेव्हा मी घाबरलो आणि गप्प बसलो.

कोणी काही बोलेना. दादाचे कान लाल झाले होते. मामाच शेवटी म्हणाला, "दोन तास आधी सांगितलं असतंस, तर माझा चहा गार झाला नसता!"

प्लग काढून मामाने बॅटरी मारून पाहिले. पट्टीच्या एका टोकाची खिट्टी मिटलेली होती, दुसऱ्या टोकाची उघडीच! पट्टी तिरकी बसली होती. दादा म्हणाला, "काढून नीट पुसूनच बसवू या." मामा म्हणाला, "थांब. आधी नुसती दाबू. पुसली पण आणि दाबली पण, तर कशानं बरा झाला ते कसं कळणार? एका वेळी एकच गोष्ट बदलायची."

त्याने पेटीच्या उघड्या लोखंडाला हात लावला, म्हणजे अंगावरची स्थिर वीज निघून जाते. मग पट्टी दोन्ही टोकांना सारखी दाबली. टक्! खिट्टी मिटली. प्लग लावला, बटण दाबले. एक छोटासा "पीं" झाला आणि पडद्यावर अक्षरे उमटली! आईने डबा कपाटात नेऊन ठेवला.

सगळे झाल्यावर मामाने संगणक बंद केला, प्लग काढला आणि पट्टीचे सोनेरी दात माझ्या खोडरबराने हलकेच पुसून घेतले. पावसाळ्याच्या दमट हवेत त्यांवर मळ धरतो म्हणून. पट्टीला मध्ये एक खाच असते, ती जागेवर आली तरच पट्टी बसते, हेही त्याने दाखवले.

सोमवारी ही हकिगत मी बाईंना सांगितली. बाई म्हणाल्या, आपल्या मुंबईतही एक संगणक असाच एकेक भाग जोडून तयार केला होता. कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तो १९६० साली सुरू झाला. १९६२ साली त्याला टिफ्रॅक हे नाव मिळाले. त्यात सुमारे २७०० निर्वात नळ्या होत्या. इतक्या नळ्यांत अंदाजाने बिघाड शोधायचा म्हटले तर जन्म जाईल! बाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली. ९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठातल्या एका प्रचंड संगणकात बिघाड झाला. शोधता शोधता आत अडकलेला एक पतंग सापडला. तिथल्या लोकांनी तो फेकून दिला नाही. त्यांनी तो नोंदवहीत चिकटपट्टीने चिकटवला आणि खाली लिहून ठेवले. ते पान आजही जपलेले आहे.

मित्रांनो, तुमच्या घरी असा संगणक बंद पडला, तर घाबरू नका. पण मोठ्या माणसाशिवाय पेटी उघडू नका. उघडण्याआधी भिंतीतला प्लग काढा. एस.एम.पी.एस.चा डबा तर कधीच उघडू नका. प्लग काढल्यावरसुद्धा त्यात वीज साठलेली असते आणि जोराचा झटका बसतो. आणि "मध्ये काय झालं?" असे कोणी विचारले, तर जे झाले ते सांगून टाका.

आमच्या संगणकाशेजारी आता एक वही टांगलेली आहे. पेटी कोणी उघडली, कधी उघडली, काय केले, ते त्यात लिहायचे, असे दादाने ठरवले आहे. त्या वहीतली पहिली नोंद गुरुवारची आहे आणि ती माझ्या अक्षरात आहे.

— इयत्ता ७ वी