"रक्तातच आहे" म्हणजे काय?



निरनिराळ्या मंडळ्यांत आपल्या कामाची माहिती द्यायला जातो, तेव्हा सिकलसेलच्या तपासणीविषयी सांगून झाले की कोणीतरी हमखास म्हणते, "म्हणजे हा आजार आदिवासींच्या रक्तातच आहे." सिकलसेलपुरते हे बरेचसे खरे आहे. एकाच जनुकातील बदलामुळे हा आजार होतो. आईवडील दोघेही वाहक असले, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक. हिशेब सरळ आहे.

पण हेच वाक्य मधुमेहाला आणि रक्तदाबाला लावले जाते, तेव्हा मला अडवावेसे वाटते. मधुमेह घराण्यात चालतो हे खरे. पण त्याचे एक जनुक नाही. शेकडो ठिकाणचे बारीक फरक थोडा थोडा धोका वाढवतात आणि त्यावर खाणेपिणे, अंगमेहनत, आईच्या पोटातले नऊ महिने यांची भर पडते. यातले काय किती जबाबदार, हे शोधणारे संशोधक एकेका रोग्याला न पाहता सबंध समाजाला वर्षानुवर्षे पाहतात. अशा अभ्यासाचे सर्वांत गाजलेले उदाहरण अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातले आहे, आणि तेही आदिवासींचेच.

तिथे गिला नदीच्या काठी पीमा समाज राहतो. ते स्वतःला अकिमेल ओओदाम, म्हणजे नदीची माणसे म्हणवतात. (बाहेरच्यांनी दिलेले नाव कागदोपत्री चिकटते, हे आपल्याकडेही काही नवीन नाही.) 1963 साली सरकारी संशोधक तिथे संधिवाताची पाहणी करायला गेले. त्यांच्यात डॉ. पीटर बेनेट होते. पाहणीत पुढे आला तो मधुमेहच, आणि तोही थक्क करणाऱ्या प्रमाणात. 1965 पासून पाच वर्षांवरील प्रत्येकाला दर दोन वर्षांनी तपासणीला बोलावणे सुरू झाले. डॉ. बेनेट आणि डॉ. विल्यम नोलर यांच्यासह अनेकांनी हे काम चार दशके चालवले. पस्तिशीच्या पुढच्या जवळजवळ निम्म्या लोकांना मधुमेह असल्याचे दिसले. इतकी वर्षे लोक रक्त द्यायला येत राहिले, हे मला त्या संशोधनाइतकेच मोठे वाटते. मधुमेह कशाला म्हणायचे, याची आज जगभर वापरली जाणारी मोजमापे ठरवताना त्यांच्या रक्ताचा मोठा उपयोग झाला.

मग कारण काय? जेम्स नील या आनुवंशशास्त्रज्ञाने 1962 सालीच एक कल्पना मांडली होती. दुष्काळात तग धरायला मदत करणारी, अन्न साठवून ठेवणारी "काटकसरी" जनुके सुबत्तेच्या काळात उलटतात, अशी ती कल्पना. पीमांना ती चपखल बसते असे पुष्कळांना वाटले. बोलायलाही सोपी होती. दोष रक्ताचा, कोणाचाच नाही.

पण पीमांचे भाऊबंद मेक्सिकोतही आहेत. सोनोरा राज्यातील मायकोबा या डोंगराळ गावी ते शेती करतात, मका-घेवडा खातात, दिवसभर राबतात. दोन्हीकडच्यांची जनुके खूप जुळती आहेत. तिथे जाऊन तीच तपासणी केली. 2006 साली प्रसिद्ध झालेले आकडे असे: ॲरिझोनातील पीमांत मधुमेह 38 टक्के, मेक्सिकोतील पीमांत 6.9 टक्के. मेक्सिकोत त्याच गावच्या बिगर-पीमा शेजाऱ्यांत तो 2.6 टक्के होता, म्हणजे जनुकांचा थोडा वाटा असावा. पण 6.9 आणि 38 यांतले अंतर जनुकांनी भरून निघत नाही.

ते अंतर नदीच्या कोरड्या पात्रात शोधावे लागते. एकेकाळी पीमांच्या कालव्यांवर गहू इतका पिके की ते वाटसरूंना आणि सैन्याला विकत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वरच्या अंगाला आलेल्या वसाहतवाल्यांनी पाणी वळवले. शेती बुडाली, उपासमार आली. पुढे सरकारी मदतीतून पांढरे पीठ, चरबी, साखर यांची सवय लागली आणि शेतातले काम गेले.

आणखी एक शोध मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. संशोधकांनी एकाच आईची मुले तपासली: काही आईला मधुमेह होण्यापूर्वी जन्मलेली, काही नंतरची. आईबाप तेच, तरी नंतरच्या मुलांना मधुमेह कितीतरी अधिक झाला. वडिलांच्या मधुमेहाआधी आणि नंतर जन्मलेल्या मुलांत मात्र असा फरक आढळला नाही. म्हणजे वारशासारखे दिसणारे काही तरी गर्भातच घडत होते. गरोदर बाईच्या साखरेची तपासणी वेळेवर झालीच पाहिजे, असा पाड्यावरच्या शिबिरात माझा हट्ट असतो, तो याच कारणाने. ती तपासणी एका माणसाची नसते, दोन पिढ्यांची असते.

आणि धोका असला तरी तो टाळता येतो का? डॉ. नोलर यांचा सहभाग असलेल्या, 2002 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे 3,234 लोक होते. त्यांत आदिवासीही होते. बेताचे खाणे, थोडे वजन कमी करणे आणि आठवड्याला दीडशे मिनिटे चालण्यासारखा व्यायाम, एवढ्याने मधुमेह होण्याचे प्रमाण 58 टक्क्यांनी घटले. मेटफॉर्मिनच्या गोळीने 31 टक्क्यांनी.

अर्थात, "बेताचे खा" हा सल्ला ज्याच्या हातात शेत आहे त्याला देणे निराळे आणि रेशनवर मिळेल त्यावर भागवणाऱ्याला देणे निराळे. पीमांनी पाण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या दाद मागितली. 2004 साली अमेरिकी काँग्रेसने कायदा करून त्यांचा मोठा वाटा मान्य केला. आता तिथे कालव्यांची कामे झाली आहेत आणि काही शेतांत टेपरी, त्यांचा जुना कोरडवाहू घेवडा, पुन्हा पेरला जातो.